एका दमातली झडती

मी पायाकडून जन्मलो. पाय पुढे आले, डोकं मागून. सुइणीनं माह्या मायले तेव्हाच सांगितलं म्हणे, पोरगं पायाळू आहे, विजेच्या दिवसात जपजो. पायाळू माणसावर वीज पडते असं आमच्याकडे समजतात. मायनं आभाळ गरजलं की मले कोठ्यात बैलांजवळ नेऊन बसवलं, आणि वीज माह्यावर आजवर पडली नाई. पडलं ते बैलाचं शिंग, तेही म्हातारपणी.

पायाळूचा दुसरा गुण म्हणजे त्याच्या पायानं चमक उतरते. वाकता वाकता पाठीत नाईतर कमरेत कळ भरते आणि माणूस जागच्या जागी खांबावानी होते, ती चमक. त्या माणसाले पालथं निजवायचं, पायाळूनं डाव्या पायाची टाच दुखऱ्या जागी टेकवायची, हलका दाब द्यायचा, की माणूस उठून चालू लागते. मी हे काम मिसरूड फुटायच्या आधीपासून करतो. पुलगावहून, नाचणगावहून लोक येतात. एकदा एक मास्तर मोटारीतून आलता, त्याले मोटारीतून उतरताच येत नव्हतं. जाताना त्यानंच गाडी चालवली. मी कोणाकडून सुपारीही घेतली नाई.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे झडती. ती मात्र जन्मानं आली नाई, ती मी कमावली.

पोळ्याच्या दिवशी गावातल्या साऱ्या जोड्या आखरावर, म्हणजे गावाजवळच्या मोकळ्या जागेवर, तोरणाखाली उभ्या राहतात. तेव्हा बैलवाले एकामागून एक झडती म्हणतात. झडती म्हणजे चार ओळींचं यमक, नरड्याच्या देठापासून म्हणायचं. ते संपलं की सारं गाव महादेवाच्या नावानं गजर करते. बाकीचे लोक ओळीओळीले दम घेतात. मी चारही ओळी एका दमात म्हणतो. शाळेत मी दुसरीच्या पुढे गेलो नाई, पण झडती माही स्वतःची आहे, कोणाची उचललेली नाई:

काळी माती, पांढरं सोनं,
बैलाच्या खांद्यावर आपलं जिनं,
ज्यानं बैलावर उगारली काठी,
त्याच्या मागं लागो साडेसाती!

ही संपेपर्यंत माहा आवाज वर वर जाते, खाली येत नाई. म्हणून तोरणाखाली पहिल्या झडतीचा मान माहा. वय झालं म्हणून तो मान कोणाले द्यावा असं मले कधी वाटलं नाई. आजही वाटत नाई.

तर मागच्या साली श्रावण लागता लागता पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, तण काढायले डवरा धरला होता. पोरगा म्हणे, बाबा, ट्रॅक्टरवाल्याले सांगू. मी म्हटलं, जोडी काय पाहायले ठेवली आहे का. पोरगा पुलगावात दुकानात कामाले जाते, त्याले सकाळची घाई असते. तो गेला, मी डवरा जुंपला. दुपार कलत होती, शेवटची थोडी तासं, डवऱ्याच्या ओळी, राहिली होती. धुऱ्यावरच्या बोरीत गांधीलमाशांचं पोळं होतं ते काही मले दिसलं नाई. डाव्या बैलाच्या कानामागं माशी डसली. मी त्याच्या मानेजवळ उभा राहून जोताची गाठ आवळत होतो. त्यानं एकदम मान फिरवली आणि शिंगाचं बूड माह्या डाव्या बरगड्यांवर बसलं.

शिंगाचं टोक नाई लागलं, बूड लागलं. टोक लागलं असतं तर हे सांगायले मी राहिलो नसतो. कट्ट असा आवाज आला. मले वाटलं जोखडाची खीळ मोडली.

खाली बसलो. बैल बाजूले उभा राहून मले पाहत होता. त्याच्या कानामागची माशी मी आधी झटकली. मग उठलो आणि राहिलेली तासं पुरी केली. लोक म्हणतात, काऊन केली? चार तासांसाठी वावर तसंच टाकून घरी येणं मले जमत नाई, म्हणून केली. पण शेवटच्या तासाले मी बैलांच्या मागं चालत नव्हतो, डवऱ्याच्या दांडीले लटकत होतो, हे खरं.

घरी आलो तं बायकोनं, माह्या बुढीनं, तोंड पाहूनच खाट टाकली. हळद-तेल गरम करून ती छातीवर चोळू लागली आणि मधीच थांबली. म्हणे, अजी, तुमच्या कातडीखाली काहीतरी वाजते. मुरमुऱ्याच्या पोत्यात हात घातल्यावानी. मी म्हटलं, तुहे हात खरबुडे झाले, तेच वाजतात. पण मीही बोट दाबून पाहिलं. खरंच चुरचुर वाजत होतं.

तेवढ्यात समोरच्या घरचा माहा जोडीदार आला. आम्ही दोघं एकाच वर्षी शाळेत गेलो आणि एकाच वर्षी शाळा सोडली. झडतीच्या मानाची दुसरी जागा त्याची, अनं ती त्याले कधी पुरली नाई. खाटेजवळ उकिडवा बसून त्यानं साऱ्या गोष्टी ऐकल्या आणि म्हणाला, "चमक आहे बावा. वैद्यालेच खोकला झाला म्हणायचा."

चमक आहे हे मलेही पटलं होतं. दम लागत होता, पण चमकेत दम लागतेच. पंचाईत एवढीच की पायाळूचा पाय त्याच्या स्वतःच्या पाठीले पोचत नाई.

आता इथं सुनेची गोष्ट सांगितली पाहिजे. माही सूनही पायाळू आहे. पोरगी पाहायले गेलतो तेव्हाच तिच्या मायनं कौतुकानं सांगितलं होतं, आमची पोर गावाची चमक काढते. मी तिथंच म्हटलं होतं, लय चांगलं, पण आमच्या घरात पाय एकच चालेल. पोरीनं तेव्हा मान खाली घातली नाई, माह्याकडे पाहिलं फक्त. लग्न होऊन आली, पोरं झाली, शाळेत गेली, पण तिनं आमच्या गावात कोणाले पाय लावला नाई. मी सांगितलं होतं ते तिनं पाळलं. माह्याइतकी हट्टी बाई मी दुसरी पाहिली नाई.

जोडीदार म्हणाला, घरातच दुसरा पायाळू आहे, तिले बोलवा. बुढी म्हणाली, सुनेनं सासऱ्याले पाय लावायचा? तो म्हणाला, औषधाले कसली लाज. मले बोलायले हवा पुरत नव्हती. हातानंच खूण केली, बोलवा.

ती सयपाकाच्या सांधीतून हात पुसत आली. मले वाटलं होतं की माह्या तोंडून बोलावणं आलं म्हणून ती हुरळून जाईल. ती खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली आणि बराच वेळ माही छाती पाहत राहिली. उजवी बाजू वरखाली होत होती. डावी नव्हती. मग म्हणाली, "मामाजी, चमक भरली तं माणसाले हालता येत नाई, पण बोलता येते. मी माहेरी लय जणांची काढली आहे, मले माहीत आहे. तुम्ही तुमची झडती म्हणून दाखवा. एका दमात. पुरी झाली की मी पाय लावते."

जोडीदार हसला. म्हणे, सासऱ्याची परीक्षा घेते का वो बाई. मले राग आला. दुखणं एकीकडे आणि तो राग एकीकडे. मी खाटेची दोरी धरून उठून बसलो आणि सुरू केलं. काळी माती, पांढरं... आणि पुढे हवाच नव्हती. बादली विहिरीत टाकावी आणि दोर मधीच संपावा, तसं झालं. मी पुन्हा सुरू केलं. काळी माती. तिसऱ्या वेळेले नुसतं काळी.

कोणी हसलं नाई. जोडीदाराचं तोंड उतरलं. सुनेनं भिंतीवरची माही टोपी काढून माह्या हातात दिली.

"आता उठा," ती म्हणाली. "वर्ध्याले जाऊ. ही चमक नाई."

मी एवढंच म्हटलं की ऑटोपर्यंत चालत जाईन, कोणी उचलायचं नाई. चालत गेलो. ती माह्या बाजूनं चालली, पण हात लावला नाई. मले हे तिचं अजूनही आवडते. ऑटोत मी ताठ बसलो. वर्ध्याजवळ पोहोचलो तोवर माहे ओठ जांभळे झाले होते असं ती नंतर म्हणाली. मले ते दिसत नव्हते, त्यामुळे मी त्याचं काही सांगत नाई.

वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण बाई होती. तिनं माह्या छातीवर बोट ठेवून त्यावर टिचकी मारली. उजवीकडे भरल्या पोत्यावानी वाजलं, डावीकडे रिकाम्या पिंपावानी. मग फोटो काढला. उजेडासमोर धरून दाखवला. एका बाजूले जाळीदार फुप्फुस आणि दुसऱ्या बाजूले नुसता काळोख, त्या काळोखाच्या कोपऱ्यात मुठीएवढा गोळा. ती म्हणाली, बाबाजी, बरगडी मोडली, तिचं टोक फुप्फुसाले टोचलं. फुप्फुसातली हवा निघून छातीच्या पोकळीत भरली आणि तिनंच फुप्फुसाले दाबून टाकलं. फुप्फुस बसलं आहे. कातडीखाली वाजते तीही हवाच.

मी विचारलं, कोणी इथं पायाचा दाब दिला असता तर? तिले वाटलं मी बरळतो. तरी तिनं उत्तर दिलं, की मोडलेलं टोक आणखी आत गेलं असतं. सून तेव्हा भिंतीकडे पाहत होती. माह्याकडे पाहिलं असतं तर मले काहीतरी बोलावं लागलं असतं. तिनं ते टाळलं.

बगलेखाली सुई मारून जागा बधिर केली, दोन बरगड्यांच्या मधून नळी घातली. सुई मारली तरी कळते, कळत नाई म्हणणारे खोटं बोलतात. डॉक्टरीण म्हणाली, ओरडलात तरी चालेल. मी म्हटलं, ओरडायचं आहेच, पण पोळ्याले. मग फुस्स असा आवाज झाला, सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह काढल्यावर होते तसा, आणि माह्या छातीत हवा आली. त्या पहिल्या श्वासाची बरोबरी मी कशाशी करू? दिवसभर उन्हात राबल्यावर माठातलं पाणी. तेही थोडं कमीच.

नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या पाण्यात बुडवलं होतं. श्वास सोडला की बाटलीत बुडबुडे यायचे. मी दिवसभर ते पाहत राहायचो. माही चुकार हवा बाहेर पडत होती, अनं मले ती डोळ्यांनी दिसत होती. डॉक्टरीण बाईनं सांगितलं होतं, बाटली छातीच्या खालीच ठेवायची, उचलून वर धरायची नाई. संडासले जाताना मी ती लोट्यावानी हातात खाली धरून जायचो. वॉर्डात तेवढ्या ताठ मानेनं कोणी संडासले गेलं नसेल.

मग एक तीन गोळ्यांचं खेळणं दिलं. तीन डबे, प्रत्येकात एक गोळा, तोंडात नळी धरून हवा आत ओढायची की गोळे वर चढतात. पहिल्या दिवशी एक गोळा थरथरला, बस. बाजूच्या खाटेवरचा माणूस माह्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान, तो दोन चढवायचा आणि माह्याकडे पाहायचा.  तो झोपला की मी ओढायचो. तिसरा गोळा टक्क करून वर बसला तेव्हा मी त्याले खास उठवून दाखवला.

त्याच माणसाची बायको एके दिवशी पिशवी उचलायले वाकली आणि तशीच राहिली. चमक. तिले कोणीतरी सांगितलंच होतं की बाजूच्या खाटेवरचे बाबाजी पायाळू आहेत. म्हणाली, बाबाजी, तेवढा पाय लावा. मी म्हटलं, आधी एका दमात काहीतरी लंबं बोलून दाखव. तिनं वाकल्या वाकल्याच नवऱ्याले जी सुनावली, त्याच्या बिड्यांपासून त्याच्या बहिणीच्या लग्नापर्यंत, मधी कुठं श्वास घेतला नाई. मी म्हटलं, तुही चमकच आहे, निज खाली पालथी. खाटेच्या काठावर बसून, बाटली सांभाळून, मी टाच टेकवली. ती उठून उभी राहिली तेवढ्यात सिस्टरबाई आली. लय बोलली. म्हणे, बाबाजी, हा दवाखाना आहे. मी म्हटलं, म्हणूनच तं.

भेटायले लोक येत होते. त्यांनीच सांगितलं की जोडीदारानं आखरावर बोलून दाखवलं आहे, यंदा बुढ्याचं काही खरं नाई, पहिली झडती मी म्हणीन. आणि पोरगा म्हणाला की लोक म्हणतात मारका बैल इकून टाका. मी म्हटलं, बैल मारका नाई, त्याले माशी डसली होती. तुले डसली तं तू काय मान स्थिर ठेवशील? ज्या बैलासाठी मी साडेसातीचा शाप देत फिरतो, त्याच्याच गळ्यात बाजाराचा दोर घालू का? विषय तिथंच संपला.

बुडबुडे थांबले, नळी निघाली, पुन्हा फोटो काढला. फुप्फुस भरलं होतं. निघताना मी डॉक्टरीण बाईले पोळ्याचं विचारलं. झडती काय असते ते तिले ठाऊक नव्हतं. मी समजावून सांगितलं. ती म्हणाली, वजन उचलायचं नाई, डवरा धरायचा नाई, बरगडी जुळायले वेळ लागेल. आवाजाचं म्हणाल तर हळूहळू वाढवा, आणि दुखलं तिथं थांबा. मी तिले शब्द दिला, दुखलं तिथं थांबीन.

घरी सुनेनं नेम लावला, आधी गोळे, मग चहा. कपाजवळ ते खेळणं आणून ठेवायची आणि निघून जायची. मी कोठ्यामागं जाऊन झडतीची एक ओळ म्हणून पाहायचो. मग दोन. तिसऱ्या ओळीवर बरगडी टोचायची. सांधीच्या खिडकीतून भांड्यांचा आवाज यायचा तो मी म्हणू लागलो की थांबायचा, आणि मी थांबलो की पुन्हा सुरू व्हायचा. तिनं कधी विचारलं नाई कुठवर आली म्हणून.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. हळद-लोणी लावून पळसाच्या पानानं मी दोघांचेही खांदे शेकले. डावा बैल माह्या काखेत तोंड घालून उभा राहिला, जिथं नळी होती तिथंच. हुंगत होता. मी त्याले म्हटलं, उद्या मान सांभाळजो, आणि मीही सांभाळतो.

दुसऱ्या दिवशी तोरणाखाली जोड्या लागल्या. कासरा पोरानं धरला होता, मी बैलाच्या शिंगाजवळ उभा होतो, त्याच बाजूले. मुद्दामच. सारं गाव माह्या तोंडाकडे पाहत होतं. जोडीदार पुढे आला. मले वाटलं आता हा सुरू करते. तो माह्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मान तुहा आहे. म्हण. अडकला तं मी आहो."

हे त्याच्या तोंडून यावं म्हणून मी आयुष्यभर वाट पाहिली असं नाई, पण बरं वाटलं.

समोर शाळेच्या ओट्यावर बाया उभ्या होत्या. त्यात सून होती. मी छातीत हवा ओढली, गोळे चढवतो तशी, तिसरा गोळा टक्क बसेपर्यंत. आणि सोडली. काळी माती, पांढरं सोनं. आवाज उघडा निघाला. बैलाच्या खांद्यावर आपलं जिनं. ज्यानं बैलावर उगारली काठी. इथं जिथं टोचायचं तिथं टोचलं की नाई हे मले लोक विचारतात. दुखलं तं थांबीन असा मी डॉक्टरीण बाईले शब्द दिला होता, आणि मी थांबलो नाई, म्हणजे दुखलं नसलं पाहिजे. त्याच्या मागं लागो साडेसाती. शेवटचं अक्षर वरच्या वर सोडून दिलं, आणि गावानं जो गजर केला त्यानं तोरणाची पानं हालली.

जोडीदारानं माहा खांदा धरला. मी आधी त्याले म्हटलं, जोरात नको, बरगडी आहे.

मग बैल घरी आणले. सुनेनं दारात त्यांचे पाय धुतले, कुंकू लावलं, पुरणपोळी खाऊ घातली. डाव्या बैलाले दोन दिल्या हे मी पाहिलं. दारात शेजारीपाजारी जमले होते. ती ओवाळणीचं ताट घेऊन माह्यासमोर आली आणि डोळे ताटावरच ठेवून म्हणाली, "मामाजी, झडती पुरी झाली. आता लावू का पाय?"

मी हसलो. एवढ्या साऱ्या प्रकारात खरं दुखलं ते त्या हसण्यानं. बुढी मले धरायले धावली. मी तिले थांबवलं आणि साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मले नको. पण ज्याले चमक भरली असेल त्यानं आता सूनबाईकडे या. ह्या घरात पाय दोन चालतात."

ती ताट घेऊन आत गेली. पण जाताना तिनं माह्याकडे पाहिलं, पोरगी पाहायले गेलतो तेव्हा पाहिलं होतं तसंच.

आता तिच्याकडे माह्यापेक्षा जास्त लोक येतात, बाया तर साऱ्याच. येऊ द्या. मी ओट्यावर बसलेला असतो. आलेल्या माणसाले आत सोडायच्या आधी मी एका दमात काहीतरी म्हणायले लावतो, ज्याले येईल ते, देवाचं नाव म्हणा, शिव्या द्या, पण एका दमात. मार लागलेला असेल आणि दम तुटत असेल तर पाय नाई, सरळ वर्ध्याची वाट. मागं एका ऑटोवाल्याले मी असंच परत पाठवलं. तो रागावून गेला, पण गेला.

झडतीचं मात्र कोणाच्या हाती दिलं नाई. चार ओळी एका दमात, आमच्या आखरावर, अजून मीच.